रविवार नेमका किती तासांचा?

*ताई, नमस्कार. माझं वय ४९. नाशिकला गंगापूर रोडला राहतो, अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. घरी ७६ वर्षांची आई, नोकरी करणारी बायको आणि बारावीतली मुलगी. २०२० च्या शेवटी तपासणीत तीन महिन्यांची साखर ६.३ आली. वडील मधुमेहानेच गेले, त्यामुळे घाबरून सायकल घेतली. आज तोच आकडा ५.५ आहे आणि वजन १३ किलोंनी उतरलंय. या मोसमात २००, ३०० आणि ४०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, झाल्या. जानेवारीअखेर ६०० ची केली की मी एसआर, म्हणजे सुपर रँडोनर होईन.*

*घरात मात्र कुणाला त्याचं काही नाही. मी फक्त रविवारी सकाळी पाच-सहा तास जातो, तरी बायकोचं तोंड वाकडं. पूर्वी भांडायची, आता भांडतही नाही. नोव्हेंबरात संगमनेरला सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी म्हटलं, तुम्ही मेव्हण्याच्या गाडीतून पुढे व्हा, मी सायकलने येतो. सासरे शिक्षक, ३० वर्षं सायकलवरून शाळेत गेलेले, त्यांना कौतुकच वाटेल. सिन्नरच्या पुढे दोनदा पंक्चर झालं. पोचलो तेव्हा औक्षण उरकून पंगत बसली होती. तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. त्यात नव्या सायकलची किंमत मी ६० हजार सांगितली होती. खरी १ लाख ३५ हजार आहे, हे तिला ग्रुपमधल्या एकाच्या बायकोकडून कळलं. मी दारू पीत नाही, तंबाखू खात नाही. सायकल सोडून देऊ का? की घरच्यांनीच थोडं समजून घ्यायला हवं?*

*– एक सायकलवेडा, नाशिक*

(मूळ पत्र चार पानी होतं. जागेअभावी इथे आटोपशीर केलंय, पण उत्तर चारही पानांना आहे.)

नमस्कार.

तुमचं पत्र मी संध्याकाळच्या चहाला नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. संगमनेरपाशी आले आणि मला हसू आवरेना. मंगल कार्यालयाच्या दारात पैठण्यांची गर्दी, आत सनई, आणि फरशीवर टक-टक बूट वाजवत, पोपटी जर्सीत, काळ्या घट्ट चड्डीत, हाताला चेनचं काळं लागलेला जावई आत येतोय. गटफोटोत तुम्ही ‘सगळ्यांत उठून दिसता’ असं तुम्हीच लिहिलंय. नवरा मात्र हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, “तो फोटो तिला दरवेळी बघावा लागत असेल.”

मग मीही पत्र पुन्हा वाचलं, जरा सावकाश.

तुम्ही त्या दिवसाचा सगळा दोष पंक्चरला दिलाय. पहिलं पंक्चर कसं झालं, दुसऱ्या वेळी ट्यूबला चिमटा कसा बसला, पंप कसा दगा देत होता, यावर अर्धं पान आहे. अहो, पंक्चर होणारच. सिन्नरकडच्या रस्त्याला टायरमध्ये काय काय शिरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण सासऱ्यांच्या आयुष्यात एकदाच येणाऱ्या कार्याला, जिथे जावयाने धोतर नाही तरी निदान इस्त्रीचा सदरा घालून पुढे उभं राहायचं, तिथे जाताना तुम्ही ७० किलोमीटरची राइड आखलीत. कार्य त्या राइडच्या टोकाला टांगलं. ‘त्यांना कौतुकच वाटेल’ म्हणता. ३० वर्षं सायकलवरून शाळेत गेलेल्या माणसाला सायकल जशी माहीत असते, तशीच शाळेची घंटाही माहीत असते. पंक्चर काढून वेळेवर पोचायचं म्हणून ते बहुधा अर्धा तास आधी निघत असतील.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सायकल सोडू का? नाही. चुकूनही सोडू नका. ६.३ वरून ५.५ ही गंमत नाही. ज्या घरात मधुमेहाने माणूस नेलाय, त्या घरात तुमच्या बायकोला या आकड्याची किंमत तुमच्याहून जास्त कळत असेल. आणि रागाच्या भरात छंद सोडणारा नवरा घरात कसा असतो हे मी पाहिलंय. तो सोफ्यावर बसून राहतो, आणि ‘तुमच्यासाठी सोडलं’ हे न बोलता दिवसातून दहा वेळा ऐकवतो. ते नको. घरच्यांनी समजून घ्यायला हवं का? तेही नाही. त्यांनी बरंच समजून घेतलंय. इतकं, की ते तुम्हाला दिसेनासं झालंय.

तुम्ही म्हणता, रविवारी सकाळी पाच-सहा तास. मी तुमच्याच पत्रातून वेळा काढल्या आणि कागदावर मांडल्या. शनिवारी संध्याकाळी सातला टायरची हवा, चेनला तेल, पुढचा-मागचा दिवा चार्जिंगला. स्वयंपाकघराजवळच्या सॉकेटवर म्हणजे मिक्सर बंद. नऊला तुम्ही आडवे, म्हणजे टीव्ही बंद, बारावीची मुलगी बोटांवर चालत पाणी प्यायला जाणार. पहाटे चारला गजर. तो तुमचा असला तरी जाग दोघांना येते. पाचला निघालात. त्र्यंबक नाहीतर वणीच्या दिशेने जाऊन, वाटेत ग्रुपबरोबर मिसळ खाऊन साडेअकराला परत. मग अंघोळ, जेवण, आणि ‘पाय भरून आलेत’ म्हणून चारपर्यंत झोप. त्यानंतर स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या ॲपवर राइड चढवणं, ग्रुपवर फोटो, कुणी चढावर किती वेळ घेतला यावर चर्चा. पाच वाजले.

शनिवारी संध्याकाळी सात ते रविवारी संध्याकाळी पाच. बावीस तास. नोकरी करणाऱ्या बाईचा आठवड्यात जो एक मोकळा दिवस असतो, तो यात सगळाच्या सगळा बुडाला.

त्यातली मिसळ माझ्या मनातून जात नाही. तुम्ही सहज लिहून गेलात, ‘मी खाऊनच येतो, तिला त्रास नको म्हणून.’ पण त्याच पानावर खाली लिहिलंय की रविवारी ती थालीपीठ करते आणि ‘मला दोन ठेवलेली असतातच.’ म्हणजे दर रविवारी ती तुमच्यासाठी दोन थालीपिठं झाकून ठेवते आणि दर रविवारी तुम्ही पोट भरून येता. दुपारी ती गार झालेली थालीपिठं कोण खातं? मला माहीत आहे, कारण अशी गार थालीपिठं मीही खाल्लीत, आणि खायलाही लावलीत.

हो, लावलीत. उपदेश करायला बसले म्हणून मी सुटले असं नाही. चाळिशीत मला नाटकाचं वेड लागलं होतं. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचा मोसम आला की ऑक्टोबरपासून बँक सुटली की तालीम, घरी यायला अकरा-साडेअकरा. मीही अगदी तुमच्यासारखीच म्हणायचे, मी कुठे वाईट मार्गाला जातेय? एका रात्री तालमीहून आले. खोलीत दिवा मंद होता. मुलाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी आणि नवरा पलंगाच्या कडेला बसलेला. ताप १०२ होता, सातपासून. मी म्हटलं, फोन का नाही केलास? तो म्हणाला, “जेवलीस का?” एवढंच. आरडाओरड केली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे तयार होतं. त्याने ओरडणं कधी बंद केलं, ते मला कळलंच नव्हतं. तुमची बायको भांडत नाही हे तुम्ही सुटका झाल्याच्या सुरात लिहिलंय, म्हणून हे सांगितलं.

पुढच्या वर्षीही मी नाटक केलं, सोडलं नाही. पण भूमिका लहान घेतली आणि मंगळवार-गुरुवार तालमीला जाणार नाही हे दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो वैतागला. नंतर दुसरी कुणी मिळाली नाही म्हणून गप्प बसला.

तुमच्या खेळातली एक गोष्ट मला फार आवडली, आणि तिच्यावरूनच तुमच्याशी भांडायचं आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्या वाचकांसाठी सांगते. बीआरएम म्हणजे शर्यत नव्हे. ही पद्धत फ्रान्समधून आली. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं, वाटेतल्या ठिकाणांवर कार्डावर नोंद घ्यायची. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. पहिला-दुसरा नंबर नसतो. चारही अंतरं एकाच मोसमात पुरी केली की त्या माणसाला सुपर रँडोनर, म्हणजे एसआर म्हणतात. यातला सगळ्यात कडक नियम असा, की वाटेत बाहेरची मदत घ्यायची नाही. मागे गाडी नाही, कुणी पाणी आणून द्यायचं नाही, मदत काय ती ठरलेल्या ठिकाणांवरच. पंक्चर, भूक, झोप, अंधार, आपलं आपण निस्तरायचं. तुम्ही या नियमाबद्दल फार अभिमानाने लिहिलंय.

आणि घरी? घामाची जर्सी बादलीत टाकायची, ती धुणार दुसरं कुणी. बाटल्या सिंकमध्ये. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सकाळी सहाला थेंब घालायचे असतात, ते रविवारी कोण घालतं हे पत्रात नाही, म्हणून मी समजून घेतलं. मुलीची रविवारी सकाळी साडेसातला टेस्ट सिरीज असते. तिने सोडायला सांगितलं तर ‘मी रिक्षा लावून दिली.’ बाल्कनीतल्या भिंतीवर चेनचा काळा पट्टा आणि मुलीच्या टॉवेलला ग्रीस, यावरून तिने आरडाओरडा केला, तो तुम्हाला ‘छोट्या गोष्टीवरून’ वाटला. रस्त्यावर तुम्ही एकटे निस्तरता हे खरं. घरात मात्र तुमच्यामागे तीन माणसांचा ताफा आहे.

तुम्ही महाजन बंधूंचा दाखला दिलात. त्यांचा आदर मलाही आहे. नाशिकच्या दोन डॉक्टर भावांनी २०१५ साली दोघांच्या संघाने अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतची रॅम (रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पुरी केली, मग २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथांनी आणि नागपूरच्या अमित समर्थांनी एकट्याने केली. जवळपास ४,८०० किलोमीटर. पण त्या शर्यतीत स्वारामागे क्रूची, म्हणजे मदतनीसांची गाडी असते. कोण गाडी चालवणार, कोण खायला देणार, कोण कधी झोपणार, हे महिनोन्‌महिने आधी ठरतं. क्रूमधल्या माणसाला कुणीतरी विचारलेलं असतं आणि तो हो म्हणालेला असतो. तुमच्या ताफ्याला कुणी विचारलं होतं?

किमतीचं आधी उरका. हे पत्र छापून येईल त्याच दिवशी, ती कामावरून येऊन चहा वगैरे झाला की. तिला खरा आकडा कळलाय हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे, आणि तरी दोघं गप्प. यासारखं ओझं घरात दुसरं नाही. सांगताना फक्त सायकलचा आकडा सांगू नका. बूट, हेल्मेट, दिवे, दोन जर्सी, ते सायकल-कॉम्प्युटर, बीआरएमच्या फिया, सगळं धरून एकच आकडा. ‘पण सवलतीत मिळाली’ हे तोंडातून काढू नका. ‘तब्येतीसाठीची गुंतवणूक’ हेही नको. आपल्याकडे पुरुषाचा छंद ही गुंतवणूक असते आणि बायकोने भिशीतून पैठणी घेतली की तो खर्च असतो. तेव्हा त्या वाटेने जाऊच नका. ‘मी खोटं सांगितलं, कारण तू नको म्हणशील अशी भीती होती’ एवढं म्हणा आणि थांबा. थांबणं अवघड जाईल. ती जे बोलेल ते ऐका. कदाचित काहीच बोलणार नाही. तिला साडी-दागिना आणून मिटवायला जाऊ नका. वाढदिवसाला तुम्ही तिला लेडीज सायकल आणली होती, तिच्यावर आता ओले पंचे वाळत असतात, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला तर ती त्या घरातली सर्वांत उपयोगाची सायकल वाटली.

तिलाही सायकलची गोडी लावावी का, असं तुम्ही विचारलंय. नको. स्वतःहून म्हणाली तर गंगापूर धरणाच्या बाजूला सकाळच्या वेळी आठ-दहा किलोमीटर जा, आणि तुम्ही मागे राहा. पुढे जाऊन चढावर वळून ‘अगं गियर बदल’ असं ओरडणाऱ्या नवऱ्यांमुळे महाराष्ट्रात अनेक लेडीज सायकली बाल्कनीत उभ्या आहेत.

त्यापेक्षा मला दुसरंच काही खटकलं. चार पानांत तुमच्या मागच्या चाकावरच्या कॅसेटच्या, म्हणजे गियरच्या चक्रांना किती दात आहेत ते मला कळलं, ११ ते ३४. कसारा घाट कोणत्या गियरवर चढता तेही कळलं. बायको कुठे नोकरी करते, रविवारी तिला काय करायला आवडतं, तिची एखादी मैत्रीण आहे का, याबद्दल एक ओळ नाही. ‘नोकरी करते’ एवढंच, तेही कंसात टाकावं तसं. सांगायचं राहून गेलं असेल, किंवा माहीतच नसेल. दुसरं असेल तर विचारून घ्या. पण ‘तुला काय आवडतं?’ असं मुलाखतीसारखं विचारू नका. मेथी निवडायला तिच्यासमोर बसा. मेथीची जुडी निवडायला वीस मिनिटं लागतात, आणि दोघांचे हात कामात असले की बाई काहीबाही बोलायला लागते. बाप्याही लागतो.

आता जानेवारीच्या ६०० बद्दल. माझं मत ऐकाल तर ती करू नका. मुलीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. ४० तासांची राइड म्हणजे एक पूर्ण रात्र हायवेवर आणि बहुधा दुसरीचाही तुकडा. त्या दोन दिवसांत ती पोर अभ्यास करणार नाही, तुमचा लाइव्ह लोकेशनचा निळा ठिपका बघत बसणार. ‘तिला माझ्याकडून जिद्द शिकता येईल’ असं तुम्ही लिहिलंय. तिला आत्ता जिद्द नकोय, तिला रविवारी साडेसातला बापाने स्कूटरवरून सोडायला हवंय. जानेवारीतल्या थंडीत, मफलर गुंडाळून, वाटेत एकही प्रेरणादायी वाक्य न बोलता.

एसआर जाईल असं वाटून घाबरू नका. तुमचा मोसम १ नोव्हेंबरला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपतो, हे मला सांगायला नको. २००, ३००, ४०० तुमच्या खात्यात जमा आहेत, ती कुणी काढून घेत नाही. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात एखादी ६०० गाठा. तोवर मुलगी कॉलेजात गेलेली असेल. नाशिकच्या आसपास नाही मिळाली तर पुण्याकडे, मुंबईकडे बघा. ग्रुपवाले चिडवतील, ‘वहिनींनी कार्डावर शिक्का मारला नाही वाटतं’ वगैरे. तिसऱ्या रविवारी विसरतील. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच चाललंय, फक्त त्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही.

रविवार मात्र महिन्यातून दोनच घ्या. आणि ते कोणते, हे एक तारखेला कॅलेंडरवर तिला लिहू द्या. पेन तिच्या हातात. उरलेल्या किलोमीटरांचं काय म्हणाल, तर तुमचं घर गंगापूर रोडला आणि कारखाना अंबडला. आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता. जाऊन-येऊन आठवड्याचे नव्वदच्या आसपास होतात, आणि ते कुणाच्याही रविवारातून कापलेले नाहीत. कारखान्यात अंघोळीची सोय आहे, हेही तुमच्याच पत्रात आहे. ‘ट्रॅफिकमध्ये मजा येत नाही’ म्हणता. मी पुण्यात वाढले. सत्तरच्या दशकात आमच्या पेठांत सकाळी दहाला रस्ताभर सायकलीच असायच्या, नोकरीला चाललेल्या. रात्री दिवा नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. माझे वडील मग हातात सायकल धरून, शिव्या देत, शनिपारापासून घरापर्यंत चालत यायचे. मजा त्यांनाही येत नसावी. पण सायकलने त्यांचा रविवार कधी खाल्ला नाही.

तब्येतीचं थोडं. वय ४९, वडिलांना मधुमेह, स्वतःची साखर एकदा काठावर येऊन गेलेली. ६०० च्या आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करून घ्या. तंदुरुस्त दिसणं वेगळं. रात्री तीन ते पाचच्या मध्ये डोळा लागू लागला तर पेट्रोल पंपावर, धाब्याच्या बाकावर वीस मिनिटं पाठ टेका. उतारावर पेंगणाऱ्याला नियमातले ४० तास वाचवत नाहीत. गुडघ्याची वाटी पुढून दुखते असं तुम्ही जाता-जाता लिहिलंय. माझा भाचा फिजिओथेरपिस्ट आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, सीट खाली असेल, बघायला सांग. टाच पेडलवर ठेवून पाय सगळ्यात खाली नेला की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. नसेल होत तर थोडी-थोडी वर घ्या, एकदम नको. तरी दुखलं तर दाखवा. ‘सायकलवाल्यांचं दुखतंच’ म्हणून ६०० ला बसू नका.

जर्सी उद्यापासून स्वतः धुवा. गार पाणी, थोडासा साबण, आणि कपडे मऊ करणारं ते सुगंधी पाणी त्यात ओतू नका, घाम शोषायचं कापड त्याने बिघडतं. ही माहिती तुमच्याकडे असायला हवी होती, ती बहुधा तुमच्या बायकोकडे आहे. चेन साफ करायला जुनी बनियन वेगळी ठेवा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि मुलीला नवा टॉवेल आणा. भिंतीवरचा काळा पट्टा दिवाळीची वाट न बघता रंगवून टाका, छोटा डबा पुरेल. राइडहून आल्यावर चारपर्यंत झोपू नका, अर्धा तास पुरे. मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही, नाशिकच्या माणसाला ते सांगण्याची माझी छाती नाही. पण ज्या रविवारी मिसळ खाणार, त्या रविवारी आदल्या रात्रीच सांगा, ‘माझी दोन थापू नकोस.’ आणि ज्या रविवारी थालीपीठ खायचंय, त्या रविवारी ती गरम असताना घरी पोचा.

हे सगळं केल्यावर ती लगेच हसायला-बोलायला लागेल असं समजू नका. चार वर्षं साठलेलं आहे. दोन-तीन महिने तुम्ही नीट वागाल आणि ती तशीच दार उघडून आत निघून जाईल. तुम्हाला राग येईल की एवढं करतोय तरी हिला काही नाही. तो राग अंबडच्या रस्त्यावर पेडलवर काढा, घरात नको. तिला बघायचं असेल की हे किती आठवडे टिकतं.

आणि संगमनेर. सासऱ्यांकडे एकदा पुन्हा जा. बायकोबरोबर, गाडीने किंवा सरळ एसटीने, सायकल घरी ठेवून. सदरा इस्त्रीचा घाला. वाकून नमस्कार करा आणि ‘त्या दिवशी उशीर झाला, चूक झाली’ हे सासूबाईंच्याही कानावर पडेल असं म्हणा. पंक्चरची गोष्ट सांगू नका. चहा होईल, इकडचं-तिकडचं होईल, आणि मग म्हातारबुवा स्वतःच विचारतील, त्यांना राहवणार नाही, “काय हो, ती तुमची सायकल, केवढ्याला पडली?”

बायको समोरच बसलेली असेल. खरा आकडा सांगा.